खरकट्या हातातला फोन

"तो फोन तिनं खरकट्या हातानं घेतला," मावशी म्हणाली. रुग्णालयातून घरी येऊन तिने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि मग हे बोलली.

मावशी ३६ वर्षं सिस्टर होती. जिल्ह्याच्या सिव्हिलमधून वॉर्डाची इन्चार्ज म्हणून निवृत्त झाली. मी तिची भाची. नेदरलँड्समधल्या एका रुग्णालयात संसर्ग-प्रतिबंधाचं काम करते. वॉर्डावॉर्डांतून फिरायचं, कल्चरचे रिपोर्ट वाचायचे, एकच जंतू दोन खाटांवर दिसला की तो एकीवरून दुसरीवर कसा गेला याचा माग काढायचा, असं ते काम. म्हणजे दोघींचा धंदा एकच. तरी त्या दिवशी सुरू झालेला वाद ती परत जाईपर्यंत पुरला.

घडलं होतं ते असं. पुण्यात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याला पाच आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. इथे येऊन चौथ्याच दिवशी पोटात दुखू लागलं आणि दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या. (मी काम करते ते नव्हे, दुसरं.) दुखणं किरकोळ निघालं. पण दाखल करून घेताना तिला दोन प्रश्न विचारले गेले. गेल्या २ महिन्यांत परदेशातल्या रुग्णालयात राहिला होतात का? आणि डुकरं, वासरं किंवा कोंबड्या पाळतात अशा ठिकाणी राहता किंवा काम करता का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं. लगेच तिला एकटीच्या खोलीत हलवलं, नाकातून आणि घशातून स्वॅब घेतले, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिच्याजवळ येणारा प्रत्येक जण गाऊन, मास्क आणि हातमोजे चढवूनच आत येत होता.

पहिल्या रात्री तिची सलाइन पाहायला आलेल्या नर्सच्या खिशात फोन वाजला. दुसऱ्या कुठल्या तरी खोलीतून रुग्णाने घंटा दाबली होती. इथे ती घंटा नर्सच्या फोनवर वाजते. तिने हातमोज्यासकट हात गाऊनखाली घातला, फोन काढला, दोन वाक्यं बोलली, परत खिशात ठेवला, आणि त्याच हाताने मावशीच्या सलाइनच्या नळीचा जोड धरला. मावशीने खुणेने काही सांगायचा प्रयत्न केला. त्या मुलीला वाटलं, आजींना पाणी हवंय.

मी : तिचं चुकलं, यात वाद नाही. हातमोजा खिशात जायला नको होता.

मावशी : हातमोज्याचं मी म्हणतच नाही. तो ती खोलीबाहेर पडताना काढून टाकणार. फोन कुठे टाकणार? तो तिच्याबरोबर पुढच्या खाटेवर गेला ना.

मी : फोनवर जंतू असतात हे काही गुपित नाही, मावशी. तुर्कस्तानात सामसुनच्या विद्यापीठ रुग्णालयात २०० कर्मचाऱ्यांचे फोन तपासले होते. २००९ साली ते छापून आलं. ९४.५ टक्के फोनांवर जंतू निघाले. फ्रान्समध्ये सेंत एतिएनला २०१६ साली १०९ फोन पाहिले, तर ४२ फोनांवर विषाणूंचे अंश, सगळ्यात जास्त रोटाव्हायरसचे. असे अभ्यास जगभर झालेत. पण त्यातून कळतं काय? अशा तपासण्यांत बहुतेक वेळा निघतात ते आपल्या कातडीवर मुक्कामाला असलेले स्टॅफिलोकोकाय. त्यांनी सहसा कुणाचं वाईट केलेलं नसतं.

मावशी : आणि बाकीचे?

मी : बाकीच्यांत कधी स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो, कधी त्याचा औषधांना न जुमानणारा प्रकार, एमआरएसए. कधी क्लेब्सिएला, कधी असिनेटोबॅक्टर.

मावशी : म्हणजे आमच्या आयसीयूत ज्यांनी माणसं नेली, तेच.

मी : हो. पण फोनवर सापडला म्हणजे फोननेच तो रुग्णाच्या अंगात नेला, असं होत नाही. तो कॉटच्या कठड्यावरही सापडतो, पडद्यावर सापडतो, कीबोर्डवर सापडतो. फोनवरून थेट आजारापर्यंतची वाट पक्की दाखवून देणं फार अवघड आहे. आणि जे दाखवता येत नाही त्यावर नियम करायला मी कचरते. नियमाचं ओझं शेवटी नर्सच्याच डोक्यावर बसतं.

मावशीने तेव्हा काही उत्तर दिलं नाही. ती वाद अर्धा टाकून भाजी चिरायला घेते, म्हणजे तो संपलेला नसतो.

रविवारी आम्ही डेल्फ्टला गेलो. कालव्याच्या काठी, किंचित कललेल्या मनोऱ्याचं जुनं चर्च आहे. तिथे आंतोनी फान लेवेनहुक पुरलेला आहे, आपल्या शाळेच्या पुस्तकातला ल्यूवेनहॉक. याच गावात १६३२ साली जन्मला, कापडाचा व्यापार केला, १७२३ साली इथेच गेला. स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांमधून त्याने पाण्यातले जीव पाहिले आणि १६७६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. १६८३ साली स्वतःच्या दातांवरचं कीट खरवडून पाहिलं. या सगळ्या देशात जेवढी माणसं आहेत त्याहून जास्त जीव आपण एकट्या तोंडात बाळगतो, असं त्याने लिहिलं. मला हा माणूस फार आवडतो. त्याला किळस आली नाही. त्याने चित्रं काढली.

मी : बघ, ९० वर्षं जगला. जंतू सगळीकडे आहेत हे त्याने पहिल्यांदा पाहिलं आणि तो घाबरला नाही. आपण मात्र एक बातमी वाचतो, टॉयलेटच्या सीटपेक्षा फोन घाण म्हणून, आणि हातातली वस्तू दूर धरतो.

मावशी : त्याने पाहिलं तेव्हापासून लोक हात धुवायला लागेपर्यंत किती वर्षं गेली?

मी : व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ साली डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं.

मावशी : तेवढ्या काळात बाळंतरोगानं किती बायका गेल्या असतील?

मी : त्याच्या वॉर्डात त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा जात होत्या. जूनमध्ये दोन.

मावशी : आणि त्याला जंतू दिसला होता का?

मी : नाही. जंतूंचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

मावशी : मग त्यानं कशाच्या जोरावर हात धुवायला लावले? अगं, ज्याला जंतू दिसले त्यानं चित्रं काढली, आणि ज्याला दिसले नाहीत त्यानं बाया वाचवल्या. तू यातली कोण?

त्यावर मी हसले, पण ते लागलं. लेवेनहुकवर हा अन्याय आहे हे मला कळतं. तो वैद्य नव्हता, आणि रोगाचा संबंध लावणं त्याच्या काळात फारसं कुणाच्या मनात नव्हतं. तरी प्रश्न माझ्यासाठी होता.

परतीच्या ट्रॅममध्ये तिने माझा हात हातात घेतला. तिला वाटलं असावं, बोलण्यात जास्त झालं. मग मनगटावरून बोटं फिरवत म्हणाली, "बांगडी नाही घालत?"

मी : कामावर चालत नाही. कोपराच्या खाली काही नको. अंगठी नाही, घड्याळ नाही, लांब बाही नाही, खोटी नखं नाहीत.

मावशी : तुझ्या बांगडीनं कुणाला रोग झाला होता?

मी : तसं नाही. अंगठीखालची, घड्याळाखालची कातडी नीट धुतली जात नाही, तिथे जंतू टिकतात, म्हणून.

मावशी : पण कुठल्या रुग्णाला, कुठल्या दिवशी, कुणाच्या अंगठीनं, असा पुरावा?

मी : तसा हाताला धरून दाखवता येणार नाही.

मावशी : मग लग्नातली अंगठी पुराव्याशिवाय उतरवता आणि फोनला मात्र पुरावा मागता? आणि मला नाही का कोंडलंत? माझ्याविरुद्ध काय पुरावा होता? मी हिंदुस्थानातल्या दवाखान्यात राहून आले, एवढाच ना?

हा तिचा सगळ्यात धारदार मुद्दा होता, आणि तो तिने रागाने मांडला नव्हता. त्या खोलीचं तिला वाईट वाटलं नव्हतं. "मी इन्चार्ज असते तर हेच केलं असतं," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी तिला इथली पद्धत सांगितली. डच रुग्णालयं एमआरएसएच्या बाबतीत 'शोधा आणि नष्ट करा' या धोरणाने चालतात. संशय असलेल्याला आधी वेगळं ठेवायचं, मग तपासायचं, जंतू निघाला तर तो अंगावरून घालवायचा, कर्मचाऱ्याच्या नाकात निघाला तर त्यालाही घरी बसवून उपचार करायचे. डुकरांबद्दलचा प्रश्नही तिथूनच येतो. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर नायमेखनच्या संशोधकांना डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये एमआरएसएचा एक वेगळाच वंश मोठ्या प्रमाणात सापडला, तेव्हापासून तो विचारला जातो. याचं फळ असं की रक्तात सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये एमआरएसएचं प्रमाण या देशात शंभरात एक-दोनच्या आसपास राहिलंय. आपल्याकडे आयसीएमआरच्या जाळ्यातल्या रुग्णालयांचे अलीकडचे अहवाल पाहिले तर ते शंभरात चाळीसच्या घरात जातं.

मावशी : म्हणजे माणसाला संशयावर बाजूला ठेवलंत म्हणून जमलं.

मी : हो.

मावशी : झालं तर.

ती जिंकली असं कुणालाही वाटेल. पण इथे मला माझी बाजू नीट मांडायची आहे, कारण ट्रॅममध्ये ती मांडता आली नाही. अंगठी काढली तर रुग्णाचं काही बिघडत नाही. फोन काढला तर बिघडतं. रात्रपाळीत लांबलचक वॉर्डावर दोघी-तिघी असतात. हृदयाचे ठोके अनियमित झाल्याचा इशारा फोनवर येतो. पडलेल्या आजोबांची घंटा फोनवर येते. औषध देण्याआधी रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाची पुडी त्याच फोनने स्कॅन होते, म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला जात नाही. आणि मावशीला त्या रात्री त्या मुलीने फोन पुढे धरून विचारलं होतं ते वाक्य मावशीनेच मला कौतुकाने सांगितलं होतं. फोन मराठीत बोलला होता : दुखणं शून्य ते दहामध्ये किती आहे? परक्या देशात, रात्री दोन वाजता, कुणी तरी आपल्या भाषेत दुखणं विचारलं. तोच फोन. दोन तासांनी तिने खरकट्या हाताने घेतला, तोही तोच.

शिवाय फोनला एकदा या देशात शिक्षा होऊन गेलेली आहे, वेगळ्या आरोपाखाली. तेव्हा भीती जंतूंची नव्हती, लहरींची होती. ॲमस्टरडॅमच्या एएमसी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या ६१ उपकरणांजवळ फोनच्या लहरी सोडून पाहिल्या. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. २६ उपकरणांवर परिणाम झाला, आणि काही परिणाम खरोखर धोक्याचे होते, अगदी कृत्रिम श्वास देणारं यंत्र बंद पडण्यासारखे. पण परिणाम झाल्याच्या सगळ्या घटनांतलं मध्यक अंतर होतं अवघं ३ सेंटीमीटर. म्हणजे फोन यंत्राला जवळजवळ टेकवलेला. त्यातून निघालेला शहाणपणा असा होता की खाटेपासून आणि यंत्रापासून मीटरभर दूर ठेवा. सरसकट बंदीपेक्षा अंतर मोजणं उपयोगी पडलं. जंतूंच्या बाबतीतही असंच मोजावं, एवढंच माझं म्हणणं.

हे मी तिला रात्री जेवताना सांगितलं. आणि तिने जे उत्तर दिलं ते माझ्या कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी दिलं नव्हतं.

मावशी : मीटर कशाला मोजतेस? आत्ता तू जेवतेयस. उजवा हात खरकटा आहे. भाजी वाढून घेताना डाव घेतलास तो कुठल्या हातानं?

मी : डाव्या.

मावशी : का? उजव्या हाताला कुठला रोग आहे?

मी : रोग नाही. खरकटा हात डब्याला लागू नये म्हणून.

मावशी : मग डाव्या हातानं वाढून घेताना कुणी पुरावा मागितला होता? आपण मुलांना हे तिसऱ्या वर्षी शिकवतो. हात घाण आहे म्हणून नव्हे. हात आत्ता कुठे होता आणि पुढे कुठे जाणार आहे, हे लक्षात ठेवायचं म्हणून. तुझ्या त्या मुलीला डाव उजव्या हातानं घेतल्याचं कळलंच नाही. तिच्या मते फोन म्हणजे ताटही नाही आणि डबाही नाही. तो तिच्याच हाताचा भाग.

'खरकटं' या शब्दाची मला नेहमी थोडी धास्ती वाटते, हे इथे सांगायला हवं. उष्टं-खरकटं, सोवळं-ओवळं याच शब्दांनी आपल्याकडे माणसं दूर ठेवली. पाणवठे वेगळे केले, कप वेगळे ठेवले. जंतूंचं शास्त्र सांगताना कुणी अभिमानाने म्हणालं, की आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, तर मी उठून जाते. ज्या हाताने वॉर्डातली भांडी घासली, त्याला ओवळं म्हटलं गेलं, आणि न धुतलेला डॉक्टरचा हात सोवळा राहिला. मी हे मावशीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मी माणसाला खरकटं कुठे म्हटलं? हाताला म्हटलं. तोही धुतला की संपलं." तिच्या वॉर्डात आया म्हणून काम करणाऱ्या बाईच्या डब्यातली भाकरी ती रोज खायची, हे मला माहीत आहे. या तोंडून तो शब्द मला चालतो.

आणि तो शब्द नेमका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितलेत : रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरद्रवाशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर, त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. ते आम्ही तक्त्यांवर छापतो, परीक्षा घेतो, भिंतीला चिकटवतो. तरी रॉटरडॅमच्या इरास्मस एमसी रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० साली वेगवेगळ्या देशांतले ९६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हात स्वच्छ करण्याचं मध्यक प्रमाण निघालं ४० टक्के. नर्सेस ४८, डॉक्टर ३२. हा आकडा मी वादात माझ्या बाजूने वापरायला काढला होता. हातच दहापैकी सहा वेळा धुतला जात नाही, तिथे फोनच्या मागे कुठे लागता?

मावशी : बरं. समजा धुतला. त्या चार वेळांतल्या एका वेळी धुतला. आणि मग फोन वाजला.

इथे मला प्रामाणिकपणे तिच्या बाजूचा एक दाखला द्यावा लागला. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये ४० भूलतज्ज्ञांना आधी हात जंतुनाशकाने चोळायला लावले, मग आपल्या फोनवर छोटासा एक कॉल करायला सांगितला, आणि पुन्हा हात तपासले. ३८ जणांच्या हातांवर जंतू परत आलेले होते. चौघांच्या हातांवर रोगकारक. साध्या, भिंतीजवळच्या फोननेही ४० पैकी ३३ हात खराब झाले, म्हणजे दोष फक्त मोबाइलचा नव्हता. पण हा अभ्यास फोनवर काय आहे एवढं सांगून थांबत नाही. फोनवरून हातावर येतं, तेही एका कॉलमध्ये, हे तो दाखवतो. रुग्णापर्यंतची अर्धी वाट तिथे दिसते.

"अर्धी वाट दिसली की मी तरी चालू लागायचे," मावशी म्हणाली आणि मग तिने तिच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. चीटल फोर्सेप्सची. वॉर्डात ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर एक उंच बरणी असायची, तिच्यात सॅव्हलॉनचं पाणी, आणि त्यात उभा चिमटा. निर्जंतुक गॉझ उचलायचा तो त्या चिमट्याने, हात लावायचा नाही. सगळ्यांचा त्या बरणीवर देवासारखा विश्वास. पाणी कमी झालं की वरून ओतायचं. एकदा ऑपरेशनच्या जखमा लागोपाठ हिरवट पू धरू लागल्या. कुणी म्हणे आयांचे हात, कुणी म्हणे चादरी. एका तरुण डॉक्टरणीने बरणीतल्याच पाण्याचं कल्चर पाठवलं. त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढत होता. जंतुनाशकाच्या शिळ्या पाण्यात.

मावशी : त्या दिवसापर्यंत ती बरणी कुणाचीच नव्हती. ओतायचं सगळ्यांनी, घासून वाळवायचं कुणीच नाही. मी दुसऱ्या दिवशी वहीत नाव घातलं. रोज सकाळी, अमुक सिस्टर, बरणी रिकामी, ऑटोक्लेव्ह, नवं पाणी. पू थांबला.

मी : आम्हालाही हे शिकायला एक नळी लागली.

मग मी तिला इरास्मस एमसीची गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं आमचा वाद खरा तिथे वळला. २०१२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत तिथे एक हट्टी स्यूडोमोनास नेहमीपेक्षा जास्त रुग्णांमध्ये दिसू लागला. अगदी राखीव ठेवलेल्या अँटिबायोटिक्सनाही दाद न देणारा. ३० रुग्ण. माग काढला तेव्हा त्यांतल्या २२ जणांची पित्तनलिका एकाच नव्या प्रकारच्या एन्डोस्कोपने तपासल्याचं निघालं. स्वच्छ करणारे आळशी होते का? नाही. ते पुस्तकाबरहुकूम साफ करत होते. पण या नव्या नळीच्या टोकावरचं टोपण पक्कं बसवलेलं होतं, ते काढून आत ब्रश घालता येत नव्हता, आणि आतल्या एका फिरत्या दांड्याजवळची रबरी कडी पूर्ण बंद होत नव्हती. जंतू तिथे राहत होता. नळी वापरातून काढल्यावर साथ थांबली. पुढे अमेरिकेतही अशाच नळ्यांमुळे साथी झाल्या.

मावशी बराच वेळ गप्प होती. पित्तनलिका हा शब्द तिच्या पोटाजवळचा होता.

मावशी : म्हणजे धुणाऱ्याच्या हातात नव्हतंच ते.

मी : तेच मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय. नर्सला फोन ठेव म्हणून दटावायचं आणि मोकळं व्हायचं, हे मला नको. फोन असा हवा की तो पुसता येईल. फटी नकोत, कापडी पाकीट नको, रबरी कव्हर असलं तर निघणारं हवं. अल्कोहोलने काच खराब होईल म्हणून लोक वर्षानुवर्षं पुसायला घाबरत होते. मोठ्या कंपन्यांनी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पुसणं चालतं असं मोकळेपणाने सांगितलं ते २०२० साली, कोव्हिड दारात आल्यावर. नायमेखनच्या रॅडबाउड रुग्णालयात फोन आणि टॅब्लेट अतिनील किरणांच्या पेटीत ठेवून जंतू किती घटतात ते तपासलंय. चांगली सोय आहे. पण किरण जिथे पोचत नाहीत तिथलं तसंच राहतं, आणि अंगावर चिकट थर असला तर त्याच्या सावलीत जंतू वाचतात. म्हणजे आधी पुसावंच लागतं.

मावशी : आणि कोंडलेल्या खोलीत?

मी : तिथे फोन नेऊच नये, किंवा पिशवीत घालून न्यावा आणि बाहेर पडताना पिशवी टाकावी.

मावशी : नेऊच नये. 'किंवा' नको.

मी : आणि घंटा वाजली तर?

मावशी : दाराबाहेर दुसरी सिस्टर उभी कर.

मी : दुसरी सिस्टर नाही, मावशी. इथेही नाही.

यावर आमचं एकमत झालं नाही, आणि होईलसं मला वाटत नाही. तिच्या काळात चाळीस खाटांना एक सिस्टर असायची, तरी तिला वाटतं माणूस उभा करता येतो. मला वाटतं जो माणूस नाही त्याच्या भरवशावर नियम लिहू नये, कारण तो मोडला जातो आणि मोडणारीलाच दोष मिळतो.

पण जाण्याच्या आदल्या दिवशी, बॅगेत थालीपिठाच्या भाजणीचे रिकामे डबे भरताना, तिने विचारलं, "तुमच्या वॉर्डातला तो फोन रोज पुसतं कोण?"

मी म्हणाले, ज्याचा त्याने.

"तो कुणाचा आहे?"

खासगी फोन ज्याचा त्याचा. पण वॉर्डाचा फोन रात्रपाळीची दिवसपाळीला देते, दिवसपाळीची संध्याकाळच्या पाळीला. हातात येतो तेव्हा कधी कधी तो आधीच्या कानाने कोमट झालेला असतो. दिवसातून तीन हात, तीन कान, आणि मधल्या सगळ्या खाटा. तो कुणाचा आहे याचं उत्तर मला देता आलं नाही.

सोमवारी मी आमच्याच रुग्णालयात विचारत फिरले. नर्सला वाटत होतं, साफसफाईवाले पुसत असतील. साफसफाईच्या बाईंनी सांगितलं, विजेवर चालणाऱ्या वस्तूंना हात लावायचा नाही असं त्यांना शिकवलंय, टेबल, कठडे आणि फरशी त्यांची. संगणक विभाग म्हणाला, फुटला तर आम्ही बदलून देतो. वॉर्डाची प्रमुख म्हणाली, सगळ्यांनीच पुसायचा असतो. फोनला एक नोंदणी क्रमांक होता, चार्जरलाही होता. खाट, टेबल, रक्तदाबाचा पट्टा, थर्मामीटर यांच्या स्वच्छतेचा आमचा तक्ता बराच लांब आहे आणि तो मी स्वतः दोनदा तपासून सही केलेला आहे. फोन त्यात नव्हता.

मला लाज वाटली, हे लिहायला मला संकोच नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर काही दिवसांपासून महिन्यांपर्यंत टिकू शकतो, हे मी दर वर्षी नव्या नर्सेसना शिकवते.

आता चार्जरशेजारी पुसण्यांचं पाकीट ठेवलंय. पाळी बदलताना फोन देणारीने तो पुसून द्यायचा आणि मग हात चोळायचे, असं तक्त्यात लिहिलंय; सहीची जागा आहे. पहिल्या आठवड्यात सह्या भरल्या, दुसऱ्यात काही जागा रिकाम्या राहिल्या. मी रागावले नाही. पाकीट चार्जरच्या मागे गेलं होतं, ते पुढे आणलं.

हे सगळं मावशीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती पुण्यात तिच्या स्वयंपाकघरात उभी होती, फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि हात पिठाचे होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कव्हर काढून पुसतात का?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलायच्या वेळी मी वॉर्डावर गेले. फोन नुकताच पुसलेला होता, काचेवर ओलसर चमक होती. मी रबरी कव्हराची कड नखाने उचलली. आतल्या बाजूला, चारी कडांना, काळपट चिकट रेघ होती.